भुताला किती गुण द्यावेत?

ज्या खेळाविषयी येथे लिहायचे आहे तो आपल्याकडे अजून मूठभर माणसेच खेळतात, तेव्हा आधी त्याची ओळख करून देणे भाग आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, उरलेले प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो, आपले पात्र काय करते ते खेळणारा सांगतो, आणि परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. संहिता नसते. सिंधुदुर्गातल्या दशावतारी नाटकाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यात चमत्कारिक काही वाटू नये. तेथेही कथानक तेवढे आधी ठरते आणि संवाद नट रंगमंचावर रचत जातात. फरक फाशांचा. दशावतारात संकासुराचा वध ठरलेला असतो. येथे कोण कोणाचा वध करील, किंवा वध मुळात होईल की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते.

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाले, आणि त्यानंतर अशा खेळांच्या असंख्य नियमावल्या प्रसिद्ध झाल्या. खेळणारे नियमावलीला 'सिस्टीम' म्हणतात आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या एका सलग कथेला 'कॅम्पेन'. आम्ही पाच जणांनी ठरवले की आपण आजच्या काळातली, आजच्या कोकणातली भुताखेतांची एक कॅम्पेन खेळू. ठरायला एक संध्याकाळ लागली. सिस्टीम कोणती घ्यायची हे ठरायला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांतला वाद आम्हांला खेळापेक्षा कमी महत्त्वाचा वाटत नाही.

सूत्रधार चांगला असला की नियम कोणतेही चालतात, अशी एक जुनी समजूत खेळणाऱ्यांत आहे. रॉन एडवर्ड्स या अमेरिकन खेळकर्त्याने ती विसाव्या शतकाच्या अखेरीस हिरिरीने खोडून काढली. साहित्याच्या अभ्यासकांना त्याचे म्हणणे पटायला वेळ लागू नये. सुनीतात आणि मुक्तछंदात एकच आशय 'भरता' येत नाही, हे आपण वर्गात शिकवतोच. नियमावली हाही एक रचनाबंध आहे. कशाची मोजदाद करायची हे ती ठरवते, आणि ज्याची मोजदाद होते त्याचीच गोष्ट होते. तलवारीच्या घावांसाठी साठ पाने आणि पश्चात्तापासाठी एकही ओळ नाही, अशा नियमावलीतून पश्चात्तापाची कथा सहसा निघत नाही.

आमची अडचण मात्र याहून जवळची होती. आमच्यापैकी एक मालवण तालुक्यातला. त्याच्या घरी वर्षातून एकदा राखणदाराला गाऱ्हाणे घातले जाते, आणि राखणदार आहे की नाही हा त्याच्या घरी चर्चेचा विषय नाही. दुसरी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात कॉलेजपासून असलेली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. ही दोन्ही वाक्ये तिच्यासाठी सामान्यज्ञानाची नाहीत. पहिल्याच बैठकीत दोघांनीही हरकत घेतली. तो म्हणाला, "आमच्या राखणदाराला तुम्ही आकडे देणार? एवढी ताकद, एवढे प्राण, एवढे घाव बसले की मेला?" ती म्हणाली, "अशा प्रत्येक खेळात भूत खरे असते. म्हणजे न मानणारा माणूस पहिल्या पानापासून मूर्ख ठरलेला. मी ते पात्र खेळायचे की तुमच्यासाठी हसण्याचे निमित्त व्हायचे?" बाकीच्या तिघांना हे दोन आक्षेप परस्परविरोधी वाटले. पुढे हळूहळू ध्यानात आले की दोघे एकाच गोष्टीवर बोट ठेवत आहेत.

आधुनिक काळातल्या अद्भुतासाठी पहिले नाव पुढे येते ते 'कॉल ऑफ कथुलू'चे. सँडी पीटरसन यांचा हा खेळ 1981 साली केऑसियम या प्रकाशनाने काढला, आणि त्याचा मोठा शोध म्हणजे प्राणांच्या मोजणीबरोबर शुद्धीची, मनाच्या थाऱ्याची मोजणी. पात्राने जे पाहू नये ते पाहिले की फासे टाकायचे आणि भान थोडे थोडे गमवायचे. त्यातही एक नियम असा की त्या गूढ विश्वाचे ज्ञान जितके वाढेल तितकी भानाची कमाल मर्यादा खाली येते. ज्ञान आणि शहाणपण यांचे व्यस्त प्रमाण एका ओळीच्या गणितात बसवणारा हा नियम आम्हांला आजही अप्रतिम वाटतो. लव्हक्राफ्टच्या कथांवर इतके नेमके भाष्य क्वचितच कोणा समीक्षकाने केले असेल.

पण लव्हक्राफ्टचे भय हे 'बाहेरच्या'चे भय आहे. मानवाची फिकीर नसलेले विश्व हे त्याचे तात्त्विक रूप. त्याचे दुसरे रूप 1927 साली प्रसिद्ध झालेल्या 'द हॉरर ॲट रेड हुक' या कथेत उघडेवाघडे दिसते, जेथे न्यूयॉर्कमधले स्थलांतरितच भयाचे आगर ठरतात. येथे आमच्या बैठकीला मराठीनेच अडवले. कारण आपणही 'बाहेरचे' म्हणतो. "तिला बाहेरचे काहीतरी झाले आहे", "बाहेरची बाधा आहे". इंग्रजी शब्द ज्याला निसर्गाच्या वर ठेवतो त्याला मराठी बोली वेशीबाहेर ठेवते. वेशीबाहेर कोणाकोणाला ठेवले गेले हे मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. भान हरवण्याचा नियम कोकणात आणला तर बाहेरच्याला पाहणे हीच जखम ठरते. आम्हांला ते नको होते.

'व्हँपायर: द मॅस्करेड' (1991) आम्ही लवकर बाजूला ठेवले, जरी त्यात 'ह्युमॅनिटी' नावाचे माप आहे आणि त्याला 'माणुसकी' हा आयता, अर्थाने भरलेला मराठी शब्द आहे. रक्तपिपासू होऊन माणुसकी पायरीपायरीने गमावण्याची ही कथा. तिच्यात मूळ पुरुषापासून रक्ताने कोण किती पिढ्या दूर यावर सामर्थ्य ठरते. रक्ताच्या उतरंडीवरून अधिकार ठरवणारा समाज आम्हांला परका वाटला नाही. पण तो खेळ भुतांच्या दरबारातल्या राजकारणाचा आहे, आणि पिशाच्चांना आलिशान घरे लागतात. आमच्या भुतांना चिंच, पिंपळ आणि पडकी विहीर पुरते.

'फेट' या पद्धतीवर बेतलेला 'ड्रेस्डेन फाइल्स' (2010) आमच्यातल्या दोघांना फार आवडला होता. त्यात पात्राचे वर्णन आकड्यांनी होण्याआधी वाक्खंडांनी होते, म्हणजे म्हणीसारख्या चार-सहा शब्दांनी, आणि त्यांतला एक पात्राची कायमची अडचण सांगणारा असावा लागतो. आपल्या अडचणीपायी गोत्यात यायला खेळणारा राजी झाला की त्याला बक्षीस म्हणून एक गुण मिळतो, जो पुढे हवे तेथे खर्च करता येतो. शोकात्म नायकाच्या दोषाचा असा व्यवहार मांडणे चतुर आहेच. पण भयकथेला तो मारक. खेळणारा सतत लेखकाच्या खुर्चीत बसून आपल्या पात्राचे बरेवाईट ठरवू लागला की अंधारात पुढे काय आहे याची भीती त्याला वाटेनाशी होते. अंधार त्यानेच विकत घेतलेला असतो.

मग आम्ही 'मॉन्स्टर ऑफ द वीक' घेऊन एक प्रकरण खेळून पाहिले. मायकेल सँड्स यांचा हा खेळ टीव्हीवरच्या, दर भागात नवा राक्षस असणाऱ्या मालिकांच्या धर्तीवर रचला आहे. दोन फाशांची बेरीज दहा किंवा अधिक आली तर काम फत्ते, सात ते नऊ आली तर काम होते पण काहीतरी किंमत देऊन, सहा किंवा कमी आली तर सूत्रधाराची पाळी. शिकायला अर्धा तास पुरतो. सूत्रधाराने आधी एक घड्याळ लिहून ठेवायचे असते: नायक आलेच नाहीत तर काय काय घडत जाईल. त्या घड्याळाच्या सहा पायऱ्यांना दिवस, सावल्या, सूर्यास्त, तिन्हीसांजा, रात्र, मध्यरात्र अशी नावे आम्ही मराठीत दिली तेव्हा 'तिन्हीसांजा' या शब्दावर सगळेच क्षणभर थांबलो. दिवेलागणीच्या वेळी केस मोकळे सोडून उंबऱ्यात बसू नये, हे ऐकत वाढलेल्यांना ती पायरी समजावून सांगावी लागत नाही.

प्रकरण होते मुंजाचे. पुण्याच्या एका पेठेतला जुना वाडा पाडून इमारत व्हायची आहे, परसात पिंपळ आहे, पिंपळ तोडायला गेलेला माणूस तापाने फणफणतो. या खेळात राक्षसाला एक मर्मस्थान असावेच लागते. ते शोधल्याशिवाय त्याचा नाश होत नाही. मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत वारलेला मुलगा तो मुंजा, तेव्हा सूत्रधाराने मर्मस्थान लिहिले: त्याची सोडमुंज करणे. खेळणाऱ्यांनी जुनी पत्रे धुंडाळली, मुलाचे नाव शोधून काढले, विधी केला. फासे आठ आले. मुंजा सुटला, किंमत म्हणून विधी करणाऱ्या पात्राला आपल्याच धाकट्या भावाचे नाव आठवेनासे झाले. संध्याकाळ फार रंगली. चहा होईपर्यंत सगळे खुशीत होते.

मग आमची कार्यकर्ती मैत्रीण म्हणाली, "आता पिंपळ तुटणार ना?"

तुटणारच होता. त्या पिंपळाला एकच रखवालदार होता आणि आम्ही त्याला विधिपूर्वक घालवला होता. पात्रांपैकी कोणीही बिल्डरकडून पैसे घेतले नव्हते, सगळे सद्हेतूने वागले होते, आणि तरी कथेने बिल्डरला जागा मोकळी करून दिली होती. आमच्या मते हा सूत्रधाराचा किंवा खेळणाऱ्यांचा दोष नव्हे. राक्षस, मर्मस्थान, घड्याळ असा साचा घेतला की भूत ही अडचण ठरते आणि अडचण दूर होणे हा शेवट ठरतो. राखणदाराला आकडे देऊ नका म्हणणारा आणि भूत नेहमी खरेच का म्हणणारी, दोघे हेच सांगत होते: नियम भुताविषयी लिहिले की माणसांनी एकमेकांशी काय केले ते झाकले जाते.

येथे थोडे विषयांतर. कोकणातल्या भुतांची एक जुनी यादी 1915 साली मुंबईत इंग्रजीत छापली गेली. आर. ई. एन्थोवेन यांनी ती ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेल्या सामग्रीवरून सिद्ध केली. हे जॅक्सन म्हणजे 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या तेच कलेक्टर. सामग्री पुरवली होती गावोगावच्या शाळामास्तरांनी, प्रश्नावलीला उत्तरे देऊन. कोणते भूत कोठे राहते, कोणाला धरते, कशाने सुटते, असे हे मास्तरी टिपण वाचताना 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 1977 सालच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'ची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. फक्त एका बाबतीत आपली यादी अधिक बोलकी आहे. गावोगावी तपशील बदलतो, पण लोकसमजुतीत मुंजा आणि ब्रह्मसमंध ब्राह्मणाचे, खवीस मुसलमानाचा, बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ. भुतांची यादी म्हणजे गावाची खानेसुमारीच. कोण कसा मेला, आणि मेल्यावरही कोणाला कोठे उभे केले, याची नोंद. खविसाला आकडे द्यायचे म्हणजे आपण नक्की कशाला आकडे देतो आहोत?

अखेर आम्ही ज्यावर स्थिरावलो तो खेळ म्हणजे ग्रेग स्टोल्झी आणि जॉन टाइन्स यांचा 'अननोन आर्मीज'. पहिली आवृत्ती 1998 ची. आम्ही 2017 ची तिसरी आवृत्ती घेतली. त्यात शुद्धीचे माप एक नसून पाच आहेत: हिंसा, अनैसर्गिक, हतबलता, एकाकीपणा आणि स्वत्व. प्रत्येक मापावर दोन बाजूंनी खुणा होतात. आघात सोसला तर एका बाजूची खूण, नाही सोसला तर दुसऱ्या बाजूची. इंग्रजी संज्ञा बाजूला ठेवून आम्ही 'निर्ढावणे' आणि 'खचणे' असे शब्द घेतले, आणि मूळ शब्दांपेक्षा ते अधिक बरोबर आहेत असे आमचे प्रामाणिक मत आहे. निर्ढावलेला माणूस पुढच्या वेळी तेवढ्या आघाताला डगमगत नाही; पण त्याची किंमत आहे. हिंसेला जो जितका निर्ढावतो तितके त्याचे झुंजणे सुधारते आणि माणसांशी जुळवून घेणे बिघडते. स्वतःशी केलेले करार मोडायला जो निर्ढावतो तो खोटे अधिक सफाईने बोलतो. एकोणिसाव्या शतकातल्या वास्तववादी कादंबरीने याहून वेगळे काय सांगितले? मारामारीच्या प्रकरणाची सुरुवात मारामारी टाळण्याच्या सहा मार्गांनी करणारी नियमावलीही आम्ही दुसरी पाहिलेली नाही.

निर्णायक गोष्ट साधी होती. पाच मापांपैकी चारांना भूत लागत नाही. ही बाब प्रथम कोणाच्या लक्षात आली ते आता आठवत नाही, पण ती लक्षात आल्यावर वाद संपला. आमच्या कार्यकर्तीने तेव्हाच आपली अट घातली आणि सगळ्यांनी ती मान्य केली. प्रत्येक प्रकरणाआधी सूत्रधार एकट्याने एक फासा टाकतो. विषम आकडा आला तर त्या प्रकरणात बाहेरचे काहीही नाही. जे आहे ते माणसांनी केलेले, लोभाने, भीतीने किंवा दुखण्याने. सम आला तर आहे. खेळणाऱ्यांना हे कधीच सांगितले जात नाही. न मानणारे पात्र त्यामुळे मूर्ख ठरत नाही. ते निम्म्या वेळा बरोबर असते, आणि कोणत्या वेळा ते त्यालाही कळत नाही. हतबलतेचे आणि एकाकीपणाचे माप मात्र दोन्ही प्रकारांत सारखेच चालते.

मालवणच्या मित्राची अट याहून कडक. राखणदाराला आकडे नाहीत, संवाद नाहीत, आणि त्याची भूमिका कोणीही, सूत्रधारानेसुद्धा, घ्यायची नाही. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात आणि रात्रीच्या फिरतीने त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. तेव्हा फार तर झिजलेल्या वहाणा दिसाव्यात. एकाने फाशांऐवजी कौल लावण्याची कल्पना काढली होती. देवाला चिकटवलेली कळी उजवीकडून पडली तर होकार: यापेक्षा अस्सल कोकणी फासा कोणता? कल्पना सुरेख होती. "कौल घेतल्यावर तो पाळावा लागतो," एवढेच आमचा मित्र म्हणाला, आणि आम्ही शेकड्याचे फासे कायम ठेवले.

या खेळात जादू येते ती वेडातून: एखाद्या गोष्टीचा माणसाला इतका ध्यास लागतो की ती वाकू लागते. त्यासोबत एक निषेध असतो. तो मोडला की साठवलेले सारे सामर्थ्य जाते. आमच्या कॅम्पेनमधला तलाठी सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदींतून सामर्थ्य मिळवतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बाईचे नाव उताऱ्यावर लागले नाही तिचे नाव त्याने लावले, की जमीन तिला ओळखते. त्याचा निषेध असा की स्वतःच्या नावावर गुंठाभरही जमीन असता कामा नये, आणि त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. महामार्गाच्या रुंदीकरणात वडाचे एक झाड जायचे आहे, ज्याच्या बुंध्याशी वहाणा असतात. भूसंपादनाच्या कागदांवर त्या जागेचा कब्जेदार म्हणून देवाचे नाव आहे. मोबदला कोणाला द्यायचा, हे पहिले प्रकरण.

खविसाचे अजून ठरलेले नाही. एकाचे म्हणणे, तो यादीतून काढून टाकावा. दुसऱ्याचे म्हणणे, काढला तर गावाने त्याला तेथे उभा केला होता हेही पुसले जाईल. त्याला आणावा आणि त्याचे खरे नाव शोधणे हेच प्रकरण करावे. दोन बैठका त्यावर झाल्या, तिसरी व्हायची आहे. तोवर पात्रांच्या पानांवर पाचांपैकी एका मापाचे शीर्षक ज्याने त्याने आपापले लिहिले आहे, कारण 'अनैसर्गिक' हा शब्द कोणालाच बोलता येईना. मालवणच्या मित्राने 'जागेचे' असे लिहिले आहे, आमच्या मैत्रिणीने 'न उलगडलेले', आणि तलाठ्याच्या पानावर ती ओळ कोरी आहे. तिच्यापुढे खचल्याच्या दोन खुणा मात्र झाल्या आहेत.